घोटा सांभाळा, सोलापूरकर!

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते आणि सोलापूरच्या रस्त्यांवर सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला एकेक गडी सुमारे तीस फूट उंचीची काठी कमरेच्या आधाराने पेलतो आणि गर्दीतून, चढउतारावरून, अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर चालत राहतो. दमला की दुसरा पुढे होतो आणि काठी आपल्याकडे घेतो. बघणाऱ्या सगळ्यांची नजर वर, शेंड्याकडे असते. पुढच्या यात्रेत थोडी नजर खालीही जाऊ द्या. शेंडा जरा कलला की पाऊल तेवढंच सरकतं, घोटा किंचित आत-बाहेर होतो आणि काठी पुन्हा सरळ उभी राहते.

यात्रेआधी कित्येक दिवस या काठ्यांचा सराव चालतो, कारण तोल पायात असतो आणि तो सरावाने येतो. आपण सारे रोज नंदीध्वज पेलत नाही. भाजीची पिशवी, पाण्याची घागर, दप्तर, कडेवरचं मूल एवढंच आपलं ओझं. तरी टिळक चौकातून मधल्या मारुतीपर्यंत जाताना पाय मुरगळतो, आठवडाभर घरी बसवतो आणि 'नशीब माझं' म्हणून आपण ते सोडून देतो. नशिबाचा यात फार थोडा भाग आहे. घोट्याला शिकवता येतं, आणि ते शिक्षण फुकट आहे.

एकही स्नायू न चिकटलेलं हाड

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडं झाली. अंगातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा घोट्याखाली! या गर्दीतलं सगळ्यात विलक्षण हाड म्हणजे टॅलस. गुडघ्याखालच्या दोन हाडांनी मिळून एक खाच केलेली असते आणि सुतार खाचेत लाकूड बसवतो तसं टॅलस तिच्यात बसतं. उभ्या शरीराचं वजन यातूनच पावलात उतरतं, तरी या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. ते जागेवर राहतं ते हाडांच्या बसणीमुळे आणि भोवतीच्या लिगामेंटमुळे, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांमुळे.

शेळ्या-मेंढ्यांच्या टॅलसने तर इतिहासात नाव काढलं आहे. प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये त्याचे फासे करत. टाकलं की ते चारांपैकी एका बाजूवर पडतं आणि त्यावर दान ठरतं. मंगोलियात आजही घराघरांत या हाडांचे खेळ चालतात.

आता हात खाली न्या आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे चाचपा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला लागेल. त्यामुळे पाऊल बाहेर कलंडायला गेलं की हाड आडवं येतं, आत कलंडायला मात्र मोकळीक मिळते. शिवाय आतल्या बाजूचं लिगामेंट रुंद आणि दणकट असतं. बाहेरची तीन त्या मानाने बारीक, आणि त्यातलं पुढचं सगळ्यात कमजोर. म्हणून पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि सूज बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे-खाली येते.

खेळाडूंचं दुखणं? निम्मंच!

अमेरिकेत २००२ ते २००६ या काळात घोटा मुरगळून तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. खेळताना दुखापत झालेले जेमतेम निम्मे निघाले. बाकीच्यांचा पाय रोजच्या वावरात मुरगळला होता.

खेळाडूंच्याही काही गोष्टी अगदी घरगुती असतात. ४ ऑगस्ट २००५. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर ॲशेसची दुसरी कसोटी सुरू व्हायची होती. सकाळच्या सरावात ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ग्लेन मॅकग्रा याचा पाय मैदानात पडलेल्या चेंडूवर पडला, घोटा मुरगळला आणि तो सामन्याबाहेर गेला. इंग्लंडने पहिल्याच दिवशी ४०७ धावा काढल्या, सामना २ धावांनी जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. जमिनीवर कोणीतरी विसरलेली एक वस्तू, आणि इतकी उलथापालथ! तो चेंडू तुमच्या घरातही असेल. नातवाची मोटार, दारात एकावर एक चढलेल्या चपला, जिन्यात 'नंतर वर नेऊ' म्हणून ठेवलेला डबा. रात्री दिवा मालवण्याआधी एक फेरी मारा आणि जमीन मोकळी करा.

आपल्याकडची गोष्ट तर ताजी आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना होता. स्वतःच्याच गोलंदाजीवर चेंडू पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा मुरगळला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले आणि पंड्या उरलेल्या स्पर्धेला मुकला.

उंच टाच, सैल सांधा

टॅलस पुढून रुंद आणि मागून निमुळतं असतं. तळवा टेकवून गुडघा पुढे नेला की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. उंच टाचेची चप्पल घालणं म्हणजे घोटा सतत या सैल अवस्थेत ठेवणं. जिना उतरतानाही पाऊल चवडा खाली करूनच पायरी शोधतं. म्हणून जिना चढताना दम लागला तरी बेहत्तर, जपायचं ते उतरताना.

लग्नाच्या मांडवात तर सगळंच जुळून येतं. उंच टाच, पायघोळ शालू, गालिच्याखाली लपलेल्या वायरी आणि मैदानाचे खळगे. वरातीत नाचायचं असेल तर पिशवीत एक सपाट चप्पल ठेवा.

सपाट चपलेवरून आठवलं. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे चार जिल्हे आहेत, शिवाय कर्नाटकातले चार. तेव्हा ही चप्पल सोलापूरचीही आहे! तिचा तळ जमिनीलगत असतो, ही घोट्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण नवं कातडं गुळगुळीत फरशीवर सरकतं आणि टाचेला मागून पट्टा नसतो, म्हणून घाईने पळायला ती उपयोगाची नाही.

आज घरी गेल्यावर रोजची चप्पल उलटी करून बघा. टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झाली असेल, तर ती चप्पल प्रत्येक पावलाला तुमचा घोटा आत कलवते आहे. अंगठा तुटेपर्यंत चप्पल वापरायची ही आपली काटकसर इथे महाग पडते.

जराशी पायरी, मोठा घोळ

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वे स्थानकात एक जिना होता. त्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचितच उंच होती. तिथे लोक एकामागून एक अडखळत होते. २०१२ साली डीन पीटरसन नावाच्या तरुणाने कॅमेरा लावून त्याची छोटी फिल्म केली, ती जगभर पाहिली गेली आणि रेल्वेने लगोलग तो जिना दुरुस्त केला.

त्या पायरीवर सगळेच का अडखळले? पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर आपला मेंदू माप घेतो आणि पुढे न बघता तेच माप वापरतो. पायऱ्या सारख्या असल्या तर उंच जिनाही सुखाचा होतो. एक जरी वेगळी निघाली तरी पाऊल फसतं. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर सांगितली आहे. आता शहरातली कितीतरी घरं आठवा. आधी घर झालं, मग फरशी चढली, मग गल्लीतला रस्ता उंच झाला आणि दारातली शेवटची पायरी कधी अर्धी, कधी दीड झाली. पाय मुरगळतो तो बहुधा याच पायरीवर.

गल्लीत चालतानाही हेच ध्यानात ठेवा. मोठा खड्डा दिसतो, त्याला वळसा घालता येतो. घात करते ती बोटभर उंचीची कड. सिमेंटच्या रस्त्याची मातीकडे उतरणारी धार, गटाराच्या झाकणाचा उचललेला कोपरा, पेव्हर ब्लॉकमधला एक निसटलेला दगड. मोबाइल बघत चालणाऱ्याला हे दिसत नाही. मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसलेल्या बाईला उतरताना तर मुळीच दिसत नाही, आणि तिचं सगळं वजन आधी एकाच पायावर येतं. गाडी चालवणाऱ्याने सपाट जागा बघून थांबावं, एवढी काळजी त्याने घ्यायलाच हवी.

हुरडा खायला जाताय?

सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हं तापली की आकसते. रब्बीची ज्वारी काढणीला येते तेव्हा रानात भेगा पडू लागलेल्या असतात. काही भेगांत अख्खी टाच जाते. ज्वारी काढून झाली की वर धसकटं उरतात. शेतकऱ्याच्या पायाला हे रान ओळखीचं असतं. तो पाऊल सपाट टाकतो, टाचेवर आपटत नाही.

शहरातून हुरड्याला गेलेली मंडळी मात्र सॅंडल घालून, हातात चटणीची वाटी घेऊन, अंधार पडल्यावर बांधावरून चालतात. हुरडा जरूर खा, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे, तिचा मान ठेवा. पण पायात बूट हवेत आणि हातात बॅटरी हवी. उजेडाचं महत्त्व मोठं आहे. शरीराचा तोल डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायांतल्या संवेदना या तिघांवर चालतो. अंधारात डोळे बाद झाले की बाकीच्या दोघांवर भार येतो.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी खास

सोलापूरच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तासन् तास एकाच बैठकीत. उठताना पाय बधिर, मुंग्या आलेले. घाईने दोन पावलं टाकली की पाय वळतो.

हा केवळ योगायोग नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मानेभोवती वळसा घालून एक शीर अगदी कातडीलगत जाते. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की ती दबते. आणि हीच शीर नडगीच्या बाहेरच्या स्नायूंना हुकूम देते, जे स्नायू पाऊल आत कलंडताना त्याला सावरून धरतात! रखवालदारच झोपलेला असतो. उकिडवं बसून फार वेळ काम करणाऱ्यांना याच शिरेचा त्रास होतो. इंग्रजी वैद्यकात त्याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्या नावावरून नाव पडलं आहे. आपल्याकडे खुरपणी करणाऱ्या बायकांचं हेच आसन असतं.

उपाय अगदी सोपा आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पाय लांब करायचे. उठण्याआधी बसल्याबसल्या दोन्ही चवडे वर-खाली, आत-बाहेर दहा-वीस वेळा हलवायचे. मुंग्या पुरत्या गेल्या की मगच उभं राहायचं आणि पहिली चार पावलं भिंत धरून टाकायची. देवळात कीर्तनाला, लग्नात पंगतीला आणि कार्यालयात पायावर पाय टाकून बसणाऱ्यांनाही हेच लागू.

मधुमेह असणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पायाखालचा खडा उशिरा कळतो आणि मुरगळलेल्या घोट्याचं दुखणंही कमी भासतं.

एकदा मुरगळला की...

घोटा मुरगळायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. 'अरे, पाय वळतोय' हे कळून काही करेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तिथे विचार उपयोगाचा नाही, स्नायूंना आधीपासून लागलेली सवयच कामाला येते.

लिगामेंट ही केवळ बांधणारी पट्टी नाही. तिच्यात संवेदनेच्या तारा असतात, ज्या मेंदूला सतत सांगत असतात की पाऊल आत्ता कसं आहे. लिगामेंट फाटलं की या ताराही दुखावतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, माणूस चालू लागतो, पण खबर देणारी यंत्रणा अजून अर्धवट असते. म्हणूनच पुढच्या लचकीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीची लचक. ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉल खेळाडूंच्या २००१ सालच्या अभ्यासात आधी घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. 'माझा हा पाय तसाच आहे, सारखा मुरगळतो' असं म्हणणारे काका-मावश्या प्रत्येक घरात असतात. तो पाय तसा नव्हता. पहिल्या वेळी त्याला पुरतं बरं होऊ दिलं गेलं नाही.

ब्रश करता करता, एका पायावर

आता सगळ्यात कामाची गोष्ट. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळून बरे झालेले ५२२ खेळाडू घेतले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर सोडलं. उरलेल्यांना जोडीला आठ आठवडे घरच्या घरी, कोणाच्याही देखरेखीशिवाय करायचे तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३३ टक्के जणांचा पाय पुन्हा मुरगळला, दुसऱ्या गटातल्या २२ टक्क्यांचा. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. ना औषध, ना यंत्र, ना फी!

तुम्ही आजपासून काय कराल? सकाळी ब्रश करताना बेसिनजवळ एका पायावर उभे राहा, मग पाय बदला. दुसरा हात बेसिनपासून वीतभर अंतरावर ठेवा, तोल गेला तर धरायला. गुडघा ताठ करू नका, किंचित वाकलेला असू द्या. घोटा आत-बाहेर थरथरेल, थरथरू द्या. ती थरथरच व्यायाम आहे, तिच्यातूनच स्नायू शिकतात. आठवडाभरात थरथर कमी होईल. मग हात लांब न्या. मग जाड गोधडीची घडी करून तिच्यावर उभे राहा. शेवटी डोळे मिटा, आणि तेव्हा पायाला किती काम असतं ते बघा. चक्कर येणाऱ्यांनी आणि वयस्कर मंडळींनी डोळे मिटायच्या फंदात पडू नये, त्यांना भिंतीचा आधार हवाच.

एका पायावर उभं राहण्याची महती घोट्यापुरती नाही. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढची सुमारे सात वर्षं माग ठेवला, तेव्हा न जमलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नव्हे. पण तोल गेला की एकूण तब्येतीकडे बघायला हवं, हे खरं.

दुसरा व्यायाम खास आपला. सोलापुरी टेरी टॉवेल प्रत्येक घरात आहेच. तो फरशीवर पसरा, खुर्चीत बसा, टाच टेकवून पायाच्या बोटांनी टॉवेल चुरगळत आपल्याकडे ओढा. तळव्याचे बारीक स्नायू जागे होतात. मग पाय लांब करून टॉवेल चवड्यामागे अडकवा आणि दोन्ही टोकं हातांनी हळू ओढा. पोटरी ताणली जाते. आखडलेली पोटरी घोट्याला पुरतं वाकू देत नाही आणि मग तो भलतीकडे वळतो. आपली पोटरी आखडली आहे का, हे बघायला भिंतीसमोर उभे राहा. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर उत्तम. नाही लागला तर टॉवेल आहेच. ज्यांना उकिडवं बसता येईनासं झालं आहे, त्यांनी ही परीक्षा आधी घ्यावी.

तिसरा व्यायाम तुमच्या नातवंडांना ठाऊक असायला हवा होता. लंगडी! एक पाय दुमडून, दुसऱ्यावर उड्या मारत, वळत, थांबत, पळणाऱ्याला बाद करायचं. ठिकरीच्या घरांतूनही एका पायावरच जायचं. हे खेळ खेळलेल्या पायांनी लहानपणीच हजारो वेळा तोल सावरलेला असतो. खो-खोत अचानक दिशा बदलणारा खेळाडू त्याच शिदोरीवर पळतो. सोलापूरच्या शाळांनी मधल्या सुट्टीत पोरांना लंगडी घालायला लावली, तर पुढच्या पिढीचे घोटे नक्की मजबूत होतील, असं मला ठामपणे वाटतं.

आणि बळ फक्त पावलात शोधू नका. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू स्टीफन करी याच्या घोट्यावर २०११ आणि २०१२ साली शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर त्याने कंबर, नितंब आणि मांड्यांचं बळ वाढवण्यावर भर दिला. २०१५ आणि २०१६ साली तो लागोपाठ तिथल्या बास्केटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या तालमीतल्या बैठका हेच काम करतात.

वारीच्या वाटेवर

आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी हा शेवटचा टप्पा सोलापूर जिल्ह्यातला. इथे पोहोचेपर्यंत पोटऱ्या दमलेल्या असतात आणि दमलेला स्नायू उशिरा जागा होतो. तळव्याला फोड आला की माणूस तो चुकवत तिरका चालतो, त्यानेही घोट्यावर भलता ताण येतो. शिवाय आषाढाचा चिखल.

पहिल्यांदा वारीला निघणाऱ्यांनी नवे बूट घालून निघू नये. महिनाभर वापरून पायाला बसलेलेच घ्यावेत. दुपारच्या विसाव्याला पाय उंच करून पडावं. रिंगणाची, फुगडीची हौस जरूर करावी, पण सपाट आणि कोरड्या जागी. आणि पंढरपुरात पोहोचल्यावर विठ्ठलाच्या पायांकडे बघावं. दोन्ही पाय जुळवून, विटेवर सारखा भार देऊन तो उभा आहे. समचरण म्हणतात ते हेच.

पायाळू, आंबेहळद आणि बर्फ

आपल्याकडे लचक भरली की पायाळू माणसाला बोलावून पाय लावून घेतात. हलकासा स्पर्श असेल तर बिघडत काही नाही, पण त्याने फाटलेलं लिगामेंट जुळत नाही. आंबेहळदीचा लेपही लोक लावतात, लावावा. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळणं, तेल लावून रगडणं, 'शीर बसवणं' आणि गरम पाण्याचा शेक मात्र टाळा. त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं आणि ते जगभर पसरलं. पुढे त्यांनीच आपलं मत बदललं. बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून यायला उशीर होऊ शकतो, असं ते सांगू लागले. आजचा सल्ला मधला आहे. दुखणं फार असेल तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पण सोसवेल तितकी हालचाल लवकर सुरू करायची. पलंगावर महिनाभर पडून राहिलेला घोटा आखडतो आणि पुन्हा मुरगळतो. खेळणाऱ्यांनी परत मैदानात उतरताना काही महिने घोट्याला पट्टा बांधावा.

एक्स-रे काढायचा की नाही? १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे साधे नियम केले आणि ते आजही जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर हाड दाबलं की दुखतं, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचं हाड, नाहीतर आतल्या कडेचं घोट्यापुढचं हाड दुखतं, किंवा चार पावलंही टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि मधुमेही यांच्या बाबतीत मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आठवडाभरात सूज हटली नाही किंवा पाय आतून निसटल्यासारखा वाटत राहिला, तरीही जा. फिजिओथेरपी सांगितली तर दुखणं थांबल्यावर ती अर्ध्यावर सोडू नका.

आणि येत्या रविवारी एक काम करा. पिवळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि एक ब्रश आणा. आपल्या जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेवर, ओट्याच्या धारेवर आणि दारातल्या त्या अर्ध्या पायरीवर दोन बोटं रुंदीचा पट्टा ओढा. डब्यात रंग उरला, तर शेजारच्या आजींच्या दारातही ओढून द्या.